कुत्र्याची हौस, वस्तीची राखण

कोणत्याही वस्तीवर जा. माणूस दिसायच्या आधी कुत्र्याचा आवाज कानावर येतो, आणि त्यामागोमाग साखळीचा खळखळाट. गोठ्याच्या कोपऱ्याला नाहीतर कडुनिंबाच्या बुंध्याला बांधलेले, चार-पाच फुटांच्या साखळीला हिसके देणारे जनावर. मानेभोवतीचे केस झडून घट्टा पडलेला. साखळी पोहोचेल तेवढी जमीन गोल उकरलेली. पाण्याची जर्मनची थाळी उपडी पडलेली. मालक आतून हाक देतो, ‘‘या, या पाव्हणं! काही करत नाही, बांधलेलं आहे!’’

हे चित्र आता इतके अंगवळणी पडले आहे की त्यात वावगे काही आहे असे कुणाला वाटतही नाही. पूर्वी गावठाणात कुत्रे बांधायची रीत फारशी नव्हती. कुटुंबे शेतात वस्तीवर राहायला आली, बांधाशेजारून डांबरी सडका गेल्या, मोटारसायकली वाढल्या. शेजाऱ्याची कोंबडी मारली, करडाच्या मागे लागले, शाळेच्या पोराला चावले, अशी भांडणे वाढली. चांगल्या जातीचे कारवानी असेल तर चोरीचीही भीती. म्हणून साखळी आली. कारणे खोटी नाहीत. पण ‘जरा वेळ बांधू’ म्हणून आलेली साखळी मग निघतच नाही. दिवस जातो, महिना जातो, पाऊस येतो आणि जातो, कुत्रे तिथेच.

आमचे म्हणणे एवढेच आहे की असे बारा महिने बांधलेले कुत्रे ना सुखी असते, ना राखणीच्या कामाचे. कुत्र्याला रोजच्या रोज ज्या गोष्टींची हौस असते, म्हणजे हुंगणे, बांधाने फिरणे, उकरणे, पळणे, माणसामागे जाणे, त्यांनाच आपण खोडी म्हणतो आणि बंद करतो. पण नीट पाहिले तर याच हौशीतून त्याची राखण तयार होते. हौस मारली की राखणही मरते. मागे उरते ते फक्त भुंकणे.

पहाटेची फेरी

मोकळ्या कुत्र्याचा दिवस एकदा नीट बघा. झुंजुमुंजू झाले की ते उठते, पुढचे पाय लांब करून आळस देते आणि फेरीला निघते. नाक जमिनीला. गंजीच्या कडेने, विहिरीच्या काठाने, बांधावरून, पाणंदीच्या तोंडापर्यंत. मध्येच थांबते, पुन्हा मागे येऊन तीच जागा हुंगते, तंगडी वर करते आणि पुढे जाते. आपल्याला वाटते, उगाच टिवल्याबावल्या चालल्या आहेत.

पण ती रिकामी भटकंती नसते. कुत्र्याचे नाक माणसाच्या नाकापेक्षा कितीतरी पटींनी तिखट असते. रात्री कोणते जनावर आले, किती वेळापूर्वी गेले, ओळखीचे होते की परके, हे सगळे त्या वासात असते. मक्यात रानडुक्कर शिरले होते का, कोंबड्यांच्या खुराड्याभोवती मुंगूस फिरले का, शेजारच्या वस्तीवरचे कुत्रे हद्दीत आले का, याची हजेरी ते पहाटे घेते. मग तंगडी वर करून आपली निशाणी ठेवते. तलाठ्याने हद्दीची खूण पाहावी तशी ती पाहणी असते. आपल्या घरातला रोजचा वास कोणता आणि नवा कोणता, हे ज्याला ठाऊक त्यालाच परका ओळखता येतो. साखळीच्या गोलात बसलेल्या कुत्र्याला हे कळणार कसे?

म्हणून ते सगळ्यावरच भुंकते. दूधवाल्यावर भुंकते, पोस्टमनवर भुंकते, वाऱ्याने उडालेल्या खताच्या पिशवीवरही भुंकते. मग घरची माणसे कान देणे सोडतात. आणि ज्या रात्री खरोखर कुणी मोटारीची केबल कापायला येते, त्या रात्री कुत्रे भुंकत असते आणि मालक कूस बदलून ‘‘गप रे’’ म्हणतो. फिरलेले कुत्रे फुकाचे भुंकत नाही. साप दिसल्यावरचा त्याचा आवाज वेगळा, अनोळखी माणसावरचा वेगळा, बिबट्याचा वास आल्यावरचा तर अगदीच वेगळा, गुरगुरत मागे सरकणारा. मालकाला अंथरुणात पडल्या पडल्या कळते, आज काहीतरी आहे.

‘बांधून ठेवलं की कुत्रं खुंखार होतं’, असे मानणारे पुष्कळ आहेत. खुंखार होते हे खरे, पण कुणावर? जो त्याच्या टप्प्यात येईल त्याच्यावर. चोर काही साखळीच्या टप्प्यात येत नाही. चेंडू आणायला गेलेले आपले चार वर्षांचे नातवंड मात्र येते. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात चावऱ्या कुत्र्यांची पाहणी झाली होती, ती १९९४ साली प्रसिद्ध झाली. न चावणाऱ्या कुत्र्यांच्या मानाने चावऱ्या कुत्र्यांत अंगणात साखळीला बांधलेली जास्त निघाली. कारण समजायला अवघड नाही. मोकळ्या कुत्र्याला भीती वाटली तर ते मागे सरते. बांधलेल्याला मागे जायला जागाच नसते.

उकरणे, लोळणे, चावणे

दुपारी ऊन तापले की कुत्रे सावलीत खड्डा उकरते आणि त्यात पोट टेकून पडते. रांजणाखालची ओली माती, केळीचा गड्डा, नुकतेच पाणी दिलेला वाफा ही त्याची आवडती ठिकाणे. त्यावरून ते मार खाते. पण आपल्यासारखा अंगभर घाम कुत्र्याला येत नाही. तळपायाला येतो तेवढाच. जीभ बाहेर काढून धापा टाकणे आणि गार मातीला पोट लावणे, एवढेच त्याच्या हाती आहे. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, उपड्या थाळीशेजारी बांधलेल्या कुत्र्याला उष्माघात होतो तो यामुळे. त्याला उकरायला एक कोपरा ठरवून द्या, तिथे दिवसाआड बादलीभर पाणी मारा. केळीचा गड्डा वाचेल. पाण्याची थाळी सोडून जड दगडी डोणी नाहीतर सिमेंटची कुंडी ठेवा, म्हणजे सांडणार नाही. ट्रॅक्टर आणि बैलगाडीखालची सावलीही त्याला फार आवडते. ट्रॅक्टर सुरू करण्याआधी वाकून बघायची सवय घरातल्या प्रत्येक ड्रायव्हरने लावून घ्यावी.

उंदीर-घुशीच्या बिळाशी उकरणे हा दुसरा छंद. इथे तर आपला फायदाच आहे. मात्र शेतात उंदरांचे औषध टाकले असेल त्या दिवसांत कुत्रे दूर ठेवावे. आमिष खाऊन आणि आमिष खाल्लेला उंदीर खाऊनही कुत्री दगावतात.

मेलेल्या जनावरावर किंवा शेणात लोळून येणे ही त्याची हौस आपल्याला किळसवाणी वाटते. रागावून मारण्यात अर्थ नाही. त्याला आपण का मारतोय तेच कळत नाही. दोन बादल्या पाणी ओता, विषय संपला.

चावण्याचेही तसेच. सहा-सात महिन्यांच्या पिल्लाने ठिबकची नळी कुरतडली म्हणून त्याला काठीने झोडपलेले आपण पाहतो. त्या वयात दात येत असतात, काहीतरी चावणे ही गरज असते. जुन्या जाड सुती दोराला गाठी मारून द्या. खाटकाकडचे कच्चे आतडे-काळीज मात्र देऊ नका. शेळ्या-मेंढ्यांच्या फुप्फुसात-काळजात पाण्याच्या गाठी असतात, त्या कुत्र्याने खाल्ल्या की त्याच्या पोटात पट्टकृमी होतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत, भाजीवर आणि मग माणसाच्या पोटात जातात. माणसाच्या यकृतात त्याच गाठी वाढतात आणि ऑपरेशनची पाळी येते. म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यातून जंताचे औषध वेळच्या वेळी घ्यावे. नाशिक-सांगलीकडच्या बागाईतदारांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. कांदाही त्याला सोसत नाही, त्यामुळे कांद्याचे कालवण ओतून भाकरी देऊ नये. भाकरीबरोबर ताक, एखादे उकडलेले अंडे मिळाले तर अंगावर मास चढते.

दारं धरायला जाताना

इथे शेतकरी म्हणेल, ‘‘हे सगळं शहरातल्या लोकांचं. आम्हाला स्वतःला जेवायला सवड नाही, कुत्र्याला फिरवायला कुठून वेळ काढायचा?’’ शंका रास्त आहे. पण शहरातला माणूस कुत्र्यासाठी मुद्दाम फिरतो. आपण तर दिवसभर फिरतच असतो. दारं धरायला जाताना, वैरण आणायला जाताना, गुरे पाण्यावर नेताना कुत्र्याला बरोबर घ्या. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. त्याच्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. फक्त साखळीची कडी काढायची आठवण ठेवावी लागते.

मेंढपाळ धनगरांकडे पाहावे. त्यांची कुत्री मेंढरांबरोबर मैलोन्‌मैल चालतात, रात्री वाड्याभोवती बसतात. दिवसभराची चाल हाच त्यांचा व्यायाम आणि तीच त्यांची शाळा. पिल्लू लहानपणापासून मेंढरांत वाढते, म्हणून मोठेपणी मेंढराला दात लावत नाही. हेच आपल्या वस्तीवरही करता येते. पिल्लू दोन महिने आईजवळ राहू द्यावे. मग तीन-साडेतीन महिन्यांचे होईपर्यंत त्याला कोंबड्या, करडे, वासरे, लहान मुले, मोटारसायकल, शेतावर येणारे मजूर या सगळ्यांची ओळख करून द्यावी. या वयात जे ओळखीचे झाले त्याला ते जन्मभर बिचकत नाही. आपण नेमके उलटे करतो. ‘पिल्लू माणसाळलं तर राखण करणार नाही’ म्हणून त्याच वयात त्याला खुंट्याला बांधतो.

मोकळे सोडणे म्हणजे मोकाट सोडणे नव्हे, हेही तितकेच ठासून सांगितले पाहिजे. मालकाच्या नजरेआड गेलेले कुत्रे दुसऱ्या कुत्र्यांना मिळते. एकेकटे गरीब असलेले कुत्रे टोळीत गेले की शेळी फाडते, हरणामागे लागते, टिटवीची अंडी खाते, रात्री सडकेवर मोटारसायकलस्वाराला पाडते. त्याचे पाप मालकाच्याच माथी येते. जनावराच्या बाबतीत निष्काळजीपणा करून दुसऱ्याला इजा होऊ दिली तर भारतीय न्याय संहितेच्या २९१व्या कलमाखाली गुन्हा होतो. ‘भीक नको, पण कुत्रं आवर’ असे म्हणायची पाळी शेजाऱ्यावर येऊ देऊ नये.

रात्रीचे काय?

रात्रीचा विचार वेगळा करायला हवा, कारण ऊस आला तिथे बिबट्या आला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर या तालुक्यांना हे सांगायला नको. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या खाण्याचा अभ्यास केला. वजनाच्या हिशेबाने त्याच्या खाण्यातला ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. म्हणजे बिबट्या आपल्या दारात येतो तो बऱ्याचदा कुत्र्यासाठी येतो.

अशा ठिकाणी अंगणात साखळीने बांधलेले कुत्रे राखणदार राहत नाही, ते आमिष होते. पळता येत नाही, लपता येत नाही. सकाळी तुटलेला पट्टा सापडतो. आणि एकदा चटक लागलेला बिबट्या पुन्हा त्याच अंगणात येतो, जिथे आपली मुले झोपलेली असतात. म्हणून बिबट्याच्या भागात कुत्रे रात्री बंद गोठ्यात किंवा जाळीच्या, वरून झाकलेल्या पिंजऱ्यात ठेवावे. राखणीला बाहेरच असावे लागते असे नाही. त्याचे कान आणि नाक आतूनही चालतात, आवाज आतूनही पोहोचतो. दिवसा शिवार फिरलेले कुत्रे रात्री आतून जो इशारा देते, तो पुरेसा असतो.

लस नसेल तर सगळे फोल

आता गावच्या कारभाऱ्यांशी दोन शब्द. कुत्रे मोकळे फिरावे असे म्हणणाऱ्याने पहिली गोष्ट सांगितली पाहिजे ती रेबीजच्या लशीची. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ कुणालाच सोडत नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो पुरता टळतो. लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर या मुलाला पहिली लस टोचली ती ६ जुलै १८८५ रोजी. तेव्हापासून इतकी वर्षे गेली तरी खेड्यापाड्यांत चावलेल्या जागी हळद, चुना, मिरची भरणे आणि मांत्रिकाकडे नेणे थांबलेले नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचे. डॉक्टर सांगतील त्या तारखांना सगळे डोस पुरे करायचे. कुत्र्याने नुसते चाटले, पण भेगाळलेल्या टाचेवर किंवा उघड्या जखमेवर चाटले, तरी डॉक्टरांना दाखवायचे. घरचे कुत्रे आहे म्हणून गप्प बसायचे नाही.

कुत्र्याला तीन महिन्यांचे असताना लस, मग दरवर्षी एक. गावातल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या शेजारच्या गोव्याने हे करून दाखवले. तिथे घरची आणि रस्त्यावरची कुत्री मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत तिथे रेबीजने माणूस मेल्याची एकही नोंद झाली नाही, आणि २०२१मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. केंद्र सरकारने कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३०पर्यंत संपवण्याचा आराखडा २०२१ सालीच काढला आहे. आराखडा दिल्लीत निघाला तरी सुई आपल्या चावडीसमोरच टोचावी लागणार आहे.

त्यासाठी फार काही लागत नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव करावा. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक, यांनी पशुधन विकास अधिकाऱ्यांना पत्र द्यावे. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या आठवड्यात गावात शिबिर घ्यावे. पोलीस पाटील आणि कोतवालांनी वस्त्यांवर निरोप पोहोचवावा. कुणाकडे किती कुत्री, लस कधी झाली, याची एक वही ग्रामपंचायतीत ठेवावी आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती वाचून दाखवावी. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव जनावराची लस, जंताचे औषध आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांची स्थानिक संस्थेची. मादीची पिल्ले पोत्यात भरून दुसऱ्या गावच्या वेशीवर सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ते गावही आपली पिल्ले आपल्याकडे आणून सोडत असते!

कायदा काय म्हणतो

शेवटी एक गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या अकराव्या कलमात क्रूरता कशाला म्हणायचे याची यादी दिली आहे. फार आखूड किंवा फार जड साखळीने जनावर विनाकारण जास्त वेळ बांधणे, हे त्या यादीत आहे. आणि त्याच्या लगेच पुढे खास कुत्र्यासाठी एक खंड आहे. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने वाजवी व्यायाम दिला नाही, तर तीही क्रूरता. पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला गेला तो दहा ते पन्नास रुपये! एवढ्या दंडाला कोण भिणार? पण कायदा करणाऱ्यांनाही त्या काळी कळले होते की कुत्र्याला पाय मोकळे करणे ही चैन नाही, त्याच्या जगण्याचा भाग आहे.

आपल्याकडे खंडोबाच्या देवळात कुत्र्याला मान आहे, दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेव महाराजांची गोष्ट आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. घरच्या कुत्र्याला तुपाची वाटी कुणी मागत नाही. सावलीत एक खड्डा, न सांडणारे पाणी, वर्षाला एक लस, आणि दारं धरायला निघताना साखळीची काढलेली कडी, एवढेच पुरे. बदल्यात ते शिवाराची खबर आणून देईल. उद्या सकाळी फावडे खांद्यावर घ्याल तेव्हा गोठ्याच्या कोपऱ्याकडे एकदा बघा. ते केव्हापासून उठून उभे असेल, शेपूट हलवत!